गोड्या पाण्यातला मासा चविष्ट लागावा म्हणून: निवड, साफसफाई आणि शिजवण्याचा क्रम

सोलापूरकरांना समुद्र दूर आणि उजनी धरण जवळ, त्यामुळे आपल्याकडे ताजा म्हणता येईल असा मासा बहुधा गोड्या पाण्यातलाच असतो. तरीही ‘त्याला चिखलाचा वास येतो’, ‘फार काटे असतात’, ‘रश्श्यात विरघळून जातो’ अशा तक्रारी करून तो कायमचा बंद करणारी घरे पुष्कळ आहेत. यांतील बहुतेक तक्रारींचे मूळ माशात नसून तीन चुकांत असते. पदार्थाला न साजणारा मासा घेतला जातो, साफसफाईचा क्रम उलटा होतो आणि मसाला लावण्याआधी तुकड्यांतले पाणी काढले जात नाही. कोणता मासा सर्वांत चविष्ट, या प्रश्नाचे एका नावाने उत्तर देता येत नाही. कोणता मासा कशासाठी, हे मात्र नक्की सांगता येते.

## १. आधी पदार्थ ठरवावा, मग मासा

बाजारात जाऊन ‘चांगला कोणता आहे?’ असे विचारणे ही पहिली चूक होय. तळायचा आहे की रस्सा करायचा आहे, खाणाऱ्यांत लहान मुले किंवा वृद्ध आहेत का, हे घरातून निघतानाच ठरलेले असावे.

तळण्यासाठी माझ्या मते पहिला मान मरळ माशाचा. त्याचे मांस पांढरे आणि घट्ट असते, मांसाच्या आत विखुरलेले बारीक काटे नसतात आणि तुकडी तव्यावर फुटत नाही. त्याच्या तोडीची चव वाम या सापासारख्या लांब माशाची आहे. मधला काटा सोडला की बाकी मांस सलग मिळते. किमतीच्या मानाने पाहिले तर चिलापीला (तिलापिया) तोड नाही. पाव किलो ते चारशे ग्रॅमची चिलापी अख्खी तळण्यासाठीच घ्यावी. पुणे-सोलापूर रस्त्यावर, उजनीच्या पाणलोटाला लागून असलेल्या भिगवणच्या खाणावळींत ती तशीच मिळते आणि ते योग्यच आहे, कारण चिलापीचे लहान तुकडे करून रस्सा केला की बरगड्यांचे काटे सुटून रश्श्यात पसरतात.

रश्श्यासाठी कटला आणि रोहू. कटल्याचे डोके मोठे, तोंड वरच्या बाजूला वळलेले आणि अंग रुंद असते. त्याच्या डोक्यात आणि पोटाच्या भागात चरबी असल्यामुळे रश्श्याला जी दाट चव येते ती दुसऱ्या माशाने येत नाही. रोहू लांबट असतो, त्याचे तोंड किंचित खालच्या बाजूला व ओठ झालरीसारखे असतात. मांस कटल्यापेक्षा कमी चरबीचे आणि किंचित गोडसर. मृगळ दिसायला रोहूसारखाच, पण अंगाने सडपातळ आणि चंदेरी. तो पाण्याच्या तळाशी चरतो, म्हणून त्याची साफसफाई सर्वांत काटेकोर करावी लागते. सायप्रिनसचेही (कॉमन कार्प) तसेच. गवत्याला (ग्रास कार्प) वास कमी, परंतु काटे भरपूर.

या पाचही माशांच्या मांसात, विशेषतः पाठीच्या वरच्या भागात आणि शेपटीकडे, दोन टोकांचे बारीक काटे असतात. ते साफ करताना निघत नाहीत. म्हणून मुलांसाठी रोहू-कटल्याच्या पोटाकडच्या तुकड्या बाजूला काढाव्यात. तिथे फक्त बरगड्या असतात आणि त्या डोळ्यांना दिसतात.

लहान मुले आणि वृद्धांसाठी मरळ किंवा शिंगाडा. शिंगाडा हा मिशांचा, बिनखवल्याचा मासा. काही ठिकाणी त्याला शिंगटा म्हणतात. मांस मऊ, काटा एकच मधला. पंगासही बिनकाट्याचा आणि स्वस्त असतो, पण त्याचे मांस फार मऊ आणि चरबी जास्त असल्यामुळे मी तो फक्त तिखट, कोरड्या मसाल्यात परतण्यासाठी सुचवीन.

*सावधान:* रूपचंद हा तळ्यात वाढवलेला मासा कधी कधी पापलेट म्हणून गळ्यात मारला जातो. त्याचे तोंड उघडून पाहावे. आत चपटे, मजबूत दात दिसले तर तो रूपचंद. तो खायला वाईट नाही, पण त्याला पापलेटचा भाव देऊ नये.

*सावधान:* थाई मांगूर हा मिशांचा परदेशी मासा वाढवण्यावर देशात २००० सालापासून बंदी आहे. स्वस्तात मिळाला तरी तो घेऊ नये.

## २. पाणी, हंगाम आणि वजन पाहावे

माशाला येणारा चिखलाचा वास हा चिखलाचा नसतो. पाण्यातील निळे-हिरवे शेवाळ आणि तळाच्या गाळातील काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात. ते कल्ल्यांवाटे माशाच्या अंगात शिरते आणि चरबीत, कातडीत व कातडीखालच्या लालसर मांसात साठते. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो तोही याच द्रव्याचा. हे एकदा लक्षात घेतले की पुढच्या साऱ्या पायऱ्यांचे कारण आपोआप कळते.

भीमेतून उजनीत पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी येते, त्यामुळे शेवाळाला खाद्य मिळते. उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये गेले, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठाच उरला, की पाणी उथळ, गरम आणि हिरवट होते. उजनीचा मृतसाठा ६३ टीएमसीच्या (अब्ज घनफूट) वर असल्याने मासा तेव्हाही भरपूर मिळतो, स्वस्तही असतो. पण वासाची तक्रार याच दिवसांत वाढते. एप्रिल-मेमध्ये रोहू-मृगळ घ्यायचे असतील तर सहावी पायरी (वास काढणे) अजिबात टाळू नये. माझ्या अनुभवात चवीला उत्तम काळ दिवाळीपासून होळीपर्यंतचा.

पावसाळ्याच्या तोंडाशी कटला-रोहूच्या मादीच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, भरलेली असते. गाबोळी आवडणाऱ्यांना ती पर्वणी असली तरी माशाची बरीच ताकद तिच्यात गेलेली असते आणि वीण झाल्यावर काही काळ मांस सैल लागते. शिवाय अंडी घालण्याआधीच मादी पकडली गेली तर पुढच्या वर्षीचा मासा कमी होतो. जून ते ऑगस्ट या काळात चिलापी किंवा तळ्यातला मासा घेणे हे सर्वांच्याच हिताचे आहे.

वजनाबाबत ढोबळ नियम असा आहे: रोहू सव्वा ते दोन किलो, कटला दोन ते चार किलो, मरळ अर्धा ते एक किलो. अर्ध्या किलोच्या रोहूत काटेच हाती लागतात. फार मोठ्या कटल्यात चरबी वाढते आणि चरबीबरोबर वासही वाढतो.

ज्यांच्या स्वतःच्या शेततळ्यात मासे आहेत त्यांच्या हाती एक गोष्ट आहे, जी बाजारातून घेणाऱ्याच्या हाती नाही. काढणीच्या एक-दोन दिवस आधी खाद्य बंद करावे आणि शक्य असेल तर खाण्यापुरते मासे शेवाळ नसलेल्या, वाहत्या किंवा रोज बदललेल्या स्वच्छ पाण्यात आठवडाभर ठेवावेत. साठलेले द्रव्य हळूहळू अंगाबाहेर जाते. मरळ एक रात्र बादलीत ठेवल्याने मात्र हा परिणाम मिळत नाही. तेवढ्याने फक्त पोट काहीसे रिकामे होते.

## ३. बाजारात तपासणी

तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण विक्रेता ज्यावर पाणी मारतो तो भाग, म्हणजे अंग, नेहमीच चकाकत असते.

प्रथम कल्ल्याचे झाकण बोटाने उचलावे. आतला रंग लालभडक किंवा गडद गुलाबी असावा. विटकरी, तपकिरी किंवा राखाडी झालेला कल्ला म्हणजे मासा शिळा. मग पोटावर बोट दाबावे. खड्डा लगेच भरून आला पाहिजे. गुदद्वाराजवळून पिवळसर पाणी गळत असेल किंवा पोट फुगून मऊ पडले असेल तर आतडी कुजू लागली आहेत. डोळे सर्वांत शेवटी पाहावेत. ताज्या माशाचे डोळे फुगीर आणि स्वच्छ असतात हे खरे, परंतु आंध्रातून बर्फाच्या पेटीतून आलेल्या चांगल्या माशाचेही डोळे बर्फ लागून पांढुरके होतात. म्हणून नुसता धुरकट डोळा पाहून ताजा मासा नाकारणे आणि ओल्या अंगाकडे पाहून शिळा घेणे या दोन्ही चुका सर्रास घडतात.

मासा हातात आडवा धरल्यावर ताठ राहिला, शेपटी लोंबली नाही, तर ती ताजेपणाची चांगली खूण समजावी.

मरळ हवेतून श्वास घेऊ शकतो आणि थोड्याशा पाण्यात तासन्तास जगतो, म्हणून तो जिवंतच विकला जातो. मेलेली मरळ कमी भावात देऊ केली तर ती का मेली आणि केव्हा, याचे उत्तर मिळाल्याशिवाय घेऊ नये.

*तपासा:* नाक कल्ल्याजवळ नेऊन वास घ्यावा. पाण्याचा, शेवाळाचा वास चालेल, तो काढता येतो. आंबूस किंवा अमोनियासारखा झोंबणारा वास काढता येत नाही.

## ४. घरी आणताना

सोलापूरच्या उन्हात मार्च ते जून प्लास्टिकच्या पिशवीत तासभर ठेवलेला मासा चवीला उतरतो. विक्रेत्याकडून माशाइतकाच बर्फ मागून घ्यावा, पिशवीला खाली एक छिद्र पाडावे म्हणजे बर्फाचे पाणी साचत नाही. भाजी, किराणा आधी उरकावा; मासा शेवटी घ्यावा.

## ५. साफसफाई: क्रम बदलू नये

सर्वांत जास्त चुका इथे होतात. बाजारात गर्दीच्या वेळी विक्रेता मासा आधी कापतो आणि मग तुकड्यांवर पाणी ओततो. पित्त फुटलेले असले, पोटातला मळ पसरलेला असला, तरी तो प्रत्येक तुकडीच्या उघड्या मांसाला लागून घरी येतो. म्हणून मासा फक्त खवले काढून अख्खा घ्यावा, किंवा समोर उभे राहून पुढील क्रमाने साफ करून घ्यावा.

खवले. शेपटीकडून डोक्याकडे, उलट दिशेने, बोथट सुरीने खरवडावेत. मासा पाण्यात बुडवून धरला तर खवले उडत नाहीत. पोटाखालचे आणि परांच्या मुळाशी असलेले खवले राहून जातात. बोट उलटे फिरवून पाहावे.

चिकट लेप. मरळ, वाम आणि शिंगाडा यांच्या अंगावर जाड बुळबुळीत थर असतो. चुलीतली राख मिळत असेल तर तिच्यासारखे दुसरे साधन नाही. नसेल तर जाडे मीठ आणि ज्वारीचा कोंडा एकत्र करून अंगावर चोळावा आणि सुरीच्या पाठीने ओढून काढावा. हात निसटेनासा झाला म्हणजे थर निघाला. वामीच्या पाठीवर बारीक अणकुचीदार काट्यांची रांग असते आणि शिंगाड्याच्या परांत टोकदार काटा असतो. हे दोन्ही मासे फडक्याने धरावेत व ते काटे कात्रीने आधी कापून टाकावेत.

पोट. गुदद्वारापासून गळ्यापर्यंत उथळ चीर द्यावी. सुरीचे टोक आत खुपसू नये, कारण यकृताजवळ हिरवट पित्ताची पिशवी असते. बोटांनी सारी आतडी एका झटक्यात, सलग बाहेर ओढावीत. पित्त फुटलेच तर त्या जागी लगेच मीठ चोळून धुवावे आणि हिरवे डाग पडलेले मांस कापून टाकावे. धुऊन तो कडूपणा पूर्ण जात नाही.

*सावधान:* रोहू, कटला, गवत्या यांचे पित्त औषध म्हणून गिळण्याचा प्रकार काही घरांत अजूनही चालतो. या पित्तात मूत्रपिंड निकामी करणारे विष असते आणि त्यामुळे लोक रुग्णालयात दाखल झालेले आहेत. पित्त शिजवूनही खाऊ नये.

काळा पापुद्रा आणि रक्ताची रेघ. बहुतेक जण ही पायरी गाळतात. चिलापी किंवा मृगळाचे पोट उघडून उजेडाकडे धरले तर आतल्या भिंतीला चिकटलेला पातळ, काळा पापुद्रा दिसतो, ओल्या कागदावर शाई पसरावी तसा. तो नुसत्या पाण्याने निघत नाही; जाड्याभरड्या कापडाचा कोपरा मिठात बुडवून आतून पुसत गेले की सुरकुत्या पडून सुटतो. त्यानंतर मणक्याच्या खाली पाहावे. तेथे एका पातळ पडद्याआड गडद लाल रेघ असते. सुरीच्या टोकाने पडदा चिरून अंगठ्याच्या नखाने ती रेघ शेपटीकडून डोक्याकडे खरवडून काढावी. या दोन गोष्टी नीट निघाल्या की निम्मा वास तिथेच संपतो.

कल्ले. रश्श्यात डोके घालायचे असेल तर कल्ले मुळापासून उपटून काढावेत. कल्ल्यांत गाळ अडकलेला असतो. कल्ल्यांसकट डोके शिजवले तर सारा रस्सा कडवट आणि मातकट होतो, आणि दोष उगीचच कटल्याला दिला जातो.

धुणे, मग कापणे. आता अख्खा मासा वाहत्या पाण्याखाली आतून-बाहेरून धुवावा. गळणारे पाणी स्वच्छ दिसू लागल्यावरच तुकड्या कराव्यात. रश्श्यासाठी दोन बोटे जाड, तळण्यासाठी एक बोट जाड. कापल्यानंतर पुन्हा पाण्यात भिजत ठेवू नये. उघडे मांस पाणी शोषते आणि चव त्या पाण्याबरोबर जाते.

*तपासा:* तुकडीच्या मध्यभागी, कातडीलगत, दोन्ही बाजूंना तपकिरी-लाल पट्टा दिसेल. उन्हाळ्यातला मासा असेल तर तो पट्टा सुरीने कोरून काढावा. मांस थोडे कमी होते, पण वास सर्वांत जास्त तिथेच असतो.

## ६. वास काढणे

एक किलो तुकड्यांना दोन चहाचे चमचे मीठ आणि एक चमचा हळद चोळून पंधरा मिनिटे ठेवावे. ताटात सुटलेले पाणी ओतून द्यावे आणि तुकड्या एकदाच, झटपट विसळाव्यात. मग लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ एक वाटी पाण्यात करून तुकड्यांना लावावा आणि दहा मिनिटे थांबावे. जिओस्मिन आंबट द्रवात टिकत नाही, त्याचे रूपांतर बिनवासाच्या द्रव्यात होते. म्हणून चिंच, आमसूल, लिंबू यांपैकी काहीही चालते. आले-लसूण वास झाकतात. आंबट तो मोडते. दोन्ही हवेत, पण या क्रमाने.

आंबटात रात्रभर मुरवणे ही मात्र उत्साहातली चूक आहे. मांस बाहेरून पांढरे आणि खडूसारखे होते व तळल्यावर कोरडे लागते. दिवाळी ते होळीच्या काळातल्या ताज्या मरळीला तर चिंच लावूच नये, मीठ-हळद पुरे. तिच्या मूळ चवीसाठीच तर आपण जास्त पैसे मोजतो.

शेवटी तुकड्या चाळणीत निथळत ठेवून स्वच्छ फडक्याने टिपून कोरड्या कराव्यात. ओल्या तुकडीला मसाला धरत नाही आणि तव्यावर ती चिकटते.

## ७. तळताना

वाटलेले आले-लसूण, सोलापुरी काळे तिखट आणि मीठ यांचा घट्ट लेप लावून वीस मिनिटे ठेवावे. मीठ सहाव्या पायरीत लागलेले आहे, म्हणून इथे निम्मेच घालावे. चिलापी अख्खी असेल तर दोन्ही बाजूंनी काट्याला टेकतील अशा तीन-तीन तिरप्या चिरा देऊन लेप चिरांत भरावा. रवा आणि तांदळाचे पीठ सम प्रमाणात घेऊन तुकडी तव्यावर सोडताना वरून दाबावे; आधी लावून ठेवले तर पीठ ओले होऊन सुटते.

तेल तापल्याची खूण म्हणजे चिमूटभर रवा टाकताच तो फुलून वर येतो. तुकड्या एकमेकींना न लागता ठेवाव्यात आणि मध्यम आंच करावी. एक बोट जाड तुकडीला प्रत्येक बाजूस चार ते पाच मिनिटे, अख्ख्या चिलापीला सहा ते सात मिनिटे. कड तांबूस दिसेपर्यंत उलथने लावू नये. कवच तयार झाले की तुकडी स्वतःहून तव्याला सोडते. ओढून उलटवणाऱ्याच्या हाती कवच येते आणि मासा तव्यावर राहतो.

*तपासा:* मधल्या काट्यालगतचे मांस अपारदर्शक पांढरे होऊन काट्यापासून सुटले पाहिजे. गोड्या पाण्यातल्या माशात कृमी असू शकतात, म्हणून तो कच्चट खाऊ नये.

## ८. रस्सा करताना

एक किलो कटला किंवा रोहूसाठी दोन मोठे कांदे आणि अर्धी वाटी सुके खोबरे वेगवेगळे भाजून, पंधरा लसूण पाकळ्या, बोटभर आले आणि कोथिंबिरीसह बारीक वाटावे. वाटण तेल सुटेपर्यंत परतून त्यात दोन-तीन चमचे काळे तिखट घालावे. आपल्याकडे रस्सा दाट करण्यासाठी शेंगदाण्याच्या कुटाकडे हात सहज जातो. माशाच्या रश्श्यात मात्र कूट एका मोठ्या चमच्यावर जाऊ देऊ नये, अन्यथा ताटात शेंगांची आमटी येते आणि मासा हरवतो.

गरम पाणी आणि चिंचेचा थोडा कोळ घालून रश्श्याला खळखळून उकळी येऊ द्यावी आणि तो पाच मिनिटे तसाच उकळावा. कच्च्या रश्श्यात तुकड्या सोडणे ही नेहमीची चूक आहे. मसाला शिजेपर्यंत मासा फुटतो. आधी डोके घालावे, पाच मिनिटांनी तुकड्या, आणि आंच मंद करून आणखी आठ ते दहा मिनिटे. डाव घालून ढवळू नये. पातेले दोन्ही कानांनी धरून हलकेच फिरवावे.

मरळीचा रस्सा करायचा असेल तर तुकड्या आठव्या मिनिटाला पाहाव्यात. तिचे मांस फुटत नाही, परंतु जास्त शिजले की चिवट होते. आंच बंद केल्यावर रस्सा पंधरा मिनिटे झाकून ठेवावा, म्हणजे मसाला तुकडीच्या आत उतरतो.

## ९. खाताना आणि उरल्यावर

रोहू-कटल्याचा रस्सा ज्वारीच्या भाकरीबरोबर खाताना तुकडीतले काटे आधी ताटात काढून मगच भाकरी चुरावी. चुरलेल्या भाकरीत काटा सापडत नाही. घशात काटा अडकला तर कोरड्या भाकरीचे मोठे घास गिळू नयेत. त्याने काटा अधिक खोल रुततो. खोकून निघाला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.

उरलेला रस्सा पूर्ण गार होण्याची वाट न पाहता दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी एकदाच, उकळी येईपर्यंत गरम करून संपवावा. कच्च्या तुकड्या दुसऱ्या दिवसासाठी ठेवायच्या असतील तर पाचव्या पायरीपर्यंतची साफसफाई करून, कोरड्या करून, मीठ-हळद न लावता झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. मीठ लावून ठेवलेल्या तुकडीचे पाणी रात्रभर गळत राहते आणि तळल्यावर ती दोरासारखी लागते.